मेजरांचं मिलान

घर बघायला गेले तेव्हा मेजरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो नावगावाचा नव्हता. "गाडीचा मागचा ब्रेक कवापासनं वाजतोय?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ब्रेक अजिबात वाजत नाही. ते म्हणाले, "वाजतोय. गाडी कोपऱ्यावर वळली तवाच मला संशय आला हुता." आणि मग त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ज्या बाईला स्वतःच्या गाडीचा ब्रेक ऐकू येत नाही ती आणखी काय काय दडवत असेल, असा एकंदर त्यांचा चेहरा होता.

मी तेव्हा एका विमा कंपनीत होते. अपघात झालेली गाडी बघायची, मालक काय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि त्यातलं खरं किती, खोटं किती ते निवडायचं, हे माझं काम. म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. मेजर तेच काम फुकट करायचे, आणि माझ्यापेक्षा कितीतरी मन लावून. सावेडीतल्या त्यांच्या बंगल्याच्या वरच्या दोन खोल्या मी घेतल्या, त्याचं खरं कारण म्हणजे इतका नमुनेदार घरमालक पुन्हा भेटला नसता.

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हेत. आमच्या नगर भागात फौजेतून पेन्शन घेऊन आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो कुठल्या का हुद्द्यावर असेना. हे हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी रणगाडे दुरुस्त करण्यात गेली. आता रणगाडा नव्हता, म्हणून ते घरातल्या वस्तूंच्या मागे लागले होते.

दुकानातून आणलेली कोणतीही नवी वस्तू त्या घरात थेट वापरली जात नसे. नवा मिक्सर आला की मेजर आधी तो उघडायचे, आतले सगळे स्क्रू काढून परत आवळायचे आणि मग काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, ताब्यात द्यायचे. "नवी वस्तू म्हंजी काय, तर अजून न बिघडलेली जुनी वस्तू," असं ते म्हणत. माझा कुलर त्यांनी दोनदा उघडला. पहिल्यांदा माझ्यासाठी आणि दुसऱ्यांदा, पहिल्यांदा आपण उघडल्यावर मी हात लावला का ते बघण्यासाठी. फोनवरून ओटीपी मागणारे भामटे तर त्यांच्या खास आवडीचे. एका भामट्याला त्यांनी एवढे उलटे प्रश्न विचारले, तुझी ड्यूटी कधी बदलते, तुझ्यावर साहेब कोण, जेवण मेसचं का घरचं, की शेवटी त्यानंच कंटाळून फोन ठेवला. "मला संशय हुताच," मेजर समाधानानं म्हणाले.

हे त्यांचं पालुपद होतं. दूध नासलं, वीज गेली, शेजारच्या मुलाचं लग्न मोडलं, पाऊस लांबला, काहीही होवो, मेजरांना संशय होताच. काकू म्हणायच्या, "माझ्या लग्नात वरमाला घालताना बी ह्यास्नी संशय हुता." मेजर हे नाकारत नसत.

त्यांचं खरं राज्य खाली होतं. गाडी ठेवायच्या जागेला शटर लावून त्यांनी तिथं आपली वर्कशॉप केली होती. गाडी मेजरांकडे नव्हतीच. कामाचं एक लांब टेबल, एक ग्राइंडर, लोखंड घट्ट धरून ठेवणारे दोन जड व्हाइस आणि समोरच्या भिंतीवर पिवळ्या रंगाचा मोठा फळा. त्या फळ्यावर प्रत्येक औजार आपापल्या खिळ्याला टांगलेलं, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच आकाराची लाल रंगाने काढलेली सावली. पाना उचलला की मागे पान्याच्या आकाराची लाल खूण उघडी पडायची. कोणतं औजार जागेवर नाही ते एका नजरेत कळायचं. फौजेत म्हणे असेच फळे असतात.

रोज संध्याकाळी दिवे लागले की मेजर फळ्यासमोर उभे राहायचे आणि वरच्या रांगेपासून खालच्या रांगेपर्यंत नजर फिरवायचे. लाल खूण कुठं दिसत नाही ना ते बघायचे. याला ते 'मिलान' म्हणत. मिलान झाल्याशिवाय शटर खाली यायचं नाही आणि शटर खाली आल्याशिवाय मेजर जेवायचे नाहीत. शटरची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. काकूंनासुद्धा ती कधी हातात मिळाली नव्हती.

गंमत अशी की काकूंचं माहेर शिंगणापूर. तिथल्या जुन्या घरांना दारं नाहीत हे सगळ्या जगाला माहीत आहे. शनिदेव राखण करतो, मग दार कशाला, असा तिथला हिशेब. काकू अशा बिनदाराच्या घरात वाढल्या आणि पान्याला कुलूप लावणाऱ्या माणसाच्या घरी पडल्या. "आमच्या घराला नुसती चौकट हाय, दार न्हाई," त्या मला सांगायच्या. "आन हितं बघा, पक्कड बी पहाऱ्यात." मेजर यावर म्हणत, "तुमच्याकडं देव राखन करतो. हितं मलाच करावी लागती."

त्यांना एकुलती एक मुलगी. ती आणि तिची लहानगी केडगावला राहायच्या आणि जावई नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. पण मोजकं बोलणं हाच मेजरांच्या लेखी गुन्हा होता. "कमी आवाज करनारं इंजिन एकतर लई चांगलं असतं, न्हाईतर बंद पडायच्या बेतात असतं," असं ते जावयाबद्दल मला जिन्यात हळूच सांगायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोन्हीपैकी कोणतं ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

आणि मेजरांचं सगळ्यात लाडकं वाक्य आणखी वेगळं होतं. ते मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. "मॅडम, ह्या जगात आपन सोता आवळलेल्या नटाशिवाय कशावर इस्वास ठेवू नये."

दिवाळीच्या आधीचा एक रविवार होता. सकाळी मेजरांनी माझी स्कूटर वर्कशॉपमध्ये घेतली. सीटखालचा डबा काढून आतली साफसफाई केली, सगळं परत बसवलं. दुपारी मुलगी, जावई आणि नात जेवायला आली. जेवण झाल्यावर जावई वर्कशॉपमध्ये गेले आणि फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. दोन-तीन पाने हातात घेऊन वजन बघितलं, परत लावले. औजारांशी नातं असलेला माणूस, त्याला राहवलं नसेल. संध्याकाळी ती सगळी गेली. मग मेजर मिलानला उभे राहिले आणि मधल्या रांगेत एक लाल खूण उघडी दिसली. दहा नंबरचा पाना नव्हता.

मी वरून उतरले तेव्हा मेजर जमिनीवर गुडघे टेकून टेबलाखाली बॅटरी मारत होते. वर्कशॉपचा कोपरा न् कोपरा झाडून झाला. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमीच कुठं इसरला असाल." मेजर उठून उभे राहिले. एवढ्या दिवसांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मी? औजार इसरलो? मी?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. दूधवाला सुटला, कारण तो फाटकाच्या आत येत नव्हता. मलाही बोलावणं आलं. काल दुपारी मी कुठं होते, खाली किती वेळा आले, दहाचा पाना कशाला लागतो हे मला ठाऊक आहे का. मी म्हटलं, मला माझा ब्रेकसुद्धा ऐकू येत नाही. हे त्यांना पटलं. मग उरलं कोण? ज्यानं औजारं हाताळली, ज्याला त्यांची किंमत कळते, जो कमी बोलतो.

मेजरांनी जावयाला सरळ चोर म्हटलं नाही. फोन लावला, स्पीकरचा आवाज मोठा ठेवला आणि म्हणाले, "पाव्हनं, शनिवारी शिंगनापूरला जायाचं. तुमी बी या. समद्यांनी देवाम्होरं हुबं ऱ्हायचं आन ज्याच्या मनात जे असंल ते सांगायचं." मग जावई म्हणाले, "मामा, देवाला कवाबी येईन. पान्यासाठी न्हाई येनार." लगेच मुलीनं फोन हिसकावून घेतलेला ऐकू आला. "आप्पा, माझ्या मालकास्नी चोर म्हनून देवाम्होरं हुबं करताय व्हय? मग दिवाळीला मी येनार न्हाई. आन पाना सापडस्तवर कवाच येनार न्हाई."

काकू स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मेजर फोनकडे बघत म्हणाले, "मला संशय हुताच. न्हाई येत म्हंजी काय समजायचं?"

शनिवारी ते खरंच निघाले. काकूंनी मला हाताला धरून बरोबर नेलं, कारण हे काय करतील याचा नेम नाही. रांगेतून पुढं गेल्यावर मेजरांनी तेल वाहिलं, कवायतीला उभे राहतात तसे ताठ उभे राहिले आणि आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवा, माझा दहाचा पाना गेलाय. ज्याच्यापाशी असंल, त्याला तू बघ." काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले. लेकीच्या कुंकवावर बापानं शनी घातला, एवढंच त्यांना दिसत होतं. परतताना आम्ही काकूंच्या भावाकडे थांबलो. घराला चौकट होती आणि तिला एक फुलाफुलांचा पडदा. आत सगळे गप्पा मारत होते. मेजर मात्र उंबऱ्यात बसून आपल्या बुटांवर नजर ठेवून होते.

दिवाळी आली. काकूंनी करंज्या केल्या, पण लेकीच्या आवडीचं सारण भरलंच नाही. "कुनासाठी भरू?" म्हणाल्या. नातीसाठी मेजरांनी पत्र्याचं एक वाऱ्यावर फिरणारं पाखरू बनवलं होतं, ते गच्चीवर लावायचं राहिलं. पाडव्याला मेजर सकाळपासून फाटकाशी काहीतरी दुरुस्त करत होते. फाटकाला काहीही झालेलं नव्हतं.

माझ्या स्कूटरमध्ये त्या दिवसांत खडखड यायला लागली होती. कामासाठी मला रोज नागापूरला जावं लागायचं, आणि त्या रस्त्याला गाडी वाजली नाही तरच संशय घ्यावा, म्हणून मी दुर्लक्ष केलं. एरवी मेजरांना दाखवली असती, पण ते सध्या कुणाच्याच वस्तूला हात लावत नव्हते. शेवटी एका गतिरोधकावर आतून एवढा मोठा आवाज आला की मी जवळच्याच गॅरेजमध्ये शिरले. मिस्त्रीनं सीटखालचा डबा काढला, आत हात घातला आणि हसायला लागला. "मॅडम, तुमच्या गाडीत कुनी पाना ठेवून दिलाय." मेजर आपल्या प्रत्येक औजारावर कोरायचे ती त्रिकोणी खूण पान्यावर होती.

मी तिथंच स्टुलावर बसले. माझ्या मनात काय काय आलं ते सांगते, म्हणजे मेजरांच्या घरी राहून माणसाचं काय होतं ते कळेल. आधी वाटलं, जावयानंच घाबरून इथं टाकला असेल. मग वाटलं, मेजरांनी माझी परीक्षा घ्यायला मुद्दाम ठेवला असेल. मग आठवलं, 'ज्याच्यापाशी असंल, त्याला तू बघ.' म्हणजे देव इतके दिवस मला बघत होता. त्याच आठवड्यात माझी चप्पल तुटली होती आणि दाढही दुखत होती. हे सगळं मनात फिरून झाल्यावर मग साधी गोष्ट सुचली. त्या डब्याचे नट दहाच्याच पान्याने निघतात आणि ते काढून परत बसवणारा माणूस एकच होता.

घरी आले ती थेट काकूंना घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. पाना टेबलावर ठेवला. मेजरांनी तो उचलला, उलटापालटा केला, नाकाशी नेला.

"कुठं हुता?"

"माझ्या गाडीत. सीटच्या डब्याखाली."

मला वाटलं, आता म्हणतील, मला संशय हुताच. ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमी ही गाडी चालवत हुता? रोज? नागापूरला?" मी हो म्हटलं. ते खालीच बसले. पाना त्यांनी मांडीवर ठेवला.

मान खाली घालूनच बोलले. "फौजेत औजार गेलं का आमी देवाला म्हनायचो, चोरीला गेलेलं असू दे. चोरीला गेलं तर सरकारचं नुकसान. आत ऱ्हायलं तर गाडीतली पोरं जातात." मग फळ्यावरच्या त्या लाल खुणेकडे बघून म्हणाले, "उद्या हा पाना चाकात गेला असता, तर मी तुमच्या आई-बापास्नी काय सांगितलं असतं?"

तेव्हा मला मेजर पहिल्यांदा नीट कळले, आणि मला त्यांची फार दया आली. इतके दिवस ते चोर शोधत नव्हते. चोर असावा अशी प्रार्थना करत होते. चोर सापडला असता तर त्यांचे हात, त्यांची नजर, त्यांची आठवण, सगळं शाबूत राहिलं असतं. त्यासाठी त्यांनी लेकीचं माहेर पणाला लावलं होतं.

त्यानंतर शटर उघडलं नाही. मेजर घरभर फिरायचे आणि आजवर स्वतः आवळलेलं एकेक तपासायचे. पंख्याचा बोल्ट, गॅसची जोडणी, काकूंच्या पलंगाचे स्क्रू, माझ्या जिन्याचा कठडा. एकदा तपासून झालेलं परत तपासायचे. सगळं घट्ट होतं. तरी त्यांचा विश्वास बसेना. काकू मला म्हणाल्या, "समद्या जगावर संशय घेत हुते ते बरं हुतं. आता सोतावर घ्याया लागलेत." आणि पदरानं डोळे पुसले.

एका सकाळी मात्र त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जावयाला फोन लावला. आवाज या वेळीही मोठाच ठेवला होता, काकूंना आणि मला ऐकू जावा म्हणून. "पाव्हनं, पाना सापडला. मीच गाडीत इसरलो हुतो. तुमचा काय बी दोष न्हाई." पलीकडून जावई म्हणाले, "असू द्या मामा." मेजर म्हणाले, "असू द्या न्हाई. ऐका. फौजेत काम करनारा येगळा आन मिलान करनारा येगळा. मी दोनी कामं एकटाच करत हुतो, ती चूक झाली. तुमी नागापूरवरनं घरी जाताना हिकडनंच जाता. रोज सांजच्याला फळा बघून जात जा."

त्या संध्याकाळी जावई आले. बरोबर मुलगी होती, कडेवर नात होती. मेजरांनी कमरेची किल्ली सोडली आणि जावयाच्या हातात दिली. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. "मला म्हातारी हुईस्तवर न्हाई दिली," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि करंजीचं सारण परतायला घेतलं. दिवाळी होऊन गेली होती, पण त्या घरात त्या दिवशी झाली.

आता कुणाला वाटेल मेजर बदलले. छे! आठवडाभरात त्यांना नवा संशय आला. जावई फळा नीट बघतात का नुसती मान फिरवतात? म्हणून ते अधूनमधून एखादं औजार मुद्दाम खिशात घालायचे. जावई फळ्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "मामा, पेचकस न्हाई." मेजर खिशातून पेचकस काढायचे, खिळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "बराबर. चला, जेवून जा." कमी आवाज करणारं इंजिन लई चांगलं निघालं असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं, तेही इकडंतिकडं बघून.

पुढं माझी नाशिकला बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वरच्या खोल्यांची किल्ली द्यायला खाली उतरत होते. मेजरांनी दुपारभर काकूंच्या जाईच्या वेलाला तार बांधून दिली होती. जावई फाटकातून आत आले, कंपाउंडच्या भिंतीवर पक्कड पडलेली त्यांना दिसली. ती उचलून त्यांनी आपल्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि माझ्याकडे बघून हसले. मेजरांची नेहमीची परीक्षा, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं.

ते फळ्यासमोर उभे राहिले; काकू आणि मी शटरपाशी होतो. "मामा, पक्कड न्हाई दिसत."

"बराबर," म्हणत मेजरांनी हसून खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग शर्टाच्या खिशात. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं, पण डोळे फळ्यावरच्या लाल खुणेवर खिळले होते. ते एकदा टेबलाकडे वळले, एकदा दाराकडे, आणि कुठं बघायचं ते न कळून जागच्या जागी उभे राहिले. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

जावयानं पिशवी उघडली.

"ही घ्या," ते म्हणाले. "मीच चोरली हुती. म्हनलं, बघू तरी तुमच्या ध्यानात येतंय का."

मेजरांनी पक्कड हातात घेतली. जावयाकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग सावकाश जाऊन ती खिळ्याला अडकवली, लाल खूण झाकली गेली का ते वाकून बघितलं, आणि पाठ तशीच ठेवून म्हणाले,

"मला संशय हुताच."